स्टेजला हात लावण्याची पद्धत

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मंडळाच्या सेक्रेटरीबाईंची मेल आली. स्कॉटलंडमधल्या आमच्या शहरातला जुना टाऊन हॉल, त्याच्या जागी झालेला चौक आणि चौकातला कॉन्सर्ट हॉल यांच्या इतिहासावर मंडळ एक छोटी पुस्तिका छापणार होतं. मंडळ म्हणजे जुन्या इमारतींवर जीव टाकणारी पंधरावीस रिटायर्ड माणसं. बरीचशी माहिती तुमच्या यजमानांच्या टूरमधून घेतली आहे, तेव्हा त्यांच्या वतीने तुम्ही एकदा मजकूर तपासाल का, असं त्यांनी विचारलं होतं. पुढच्या शनिवारी-रविवारी शहरातल्या सगळ्या सरकारी इमारती लोकांना बघायला खुल्या असणार होत्या, आणि त्यानंतरच्या सोमवारी पुस्तिका छापायला जायची होती.

मी हो म्हटलं. फेब्रुवारीपासून मी सगळ्यांनाच हो म्हणत होते. शेजारणीने खुर्चीत बसून करायच्या योगाच्या क्लासला बोलावलं, हो. बॉयलरवाल्याने मंगळवारऐवजी गुरुवारी येऊ का विचारलं, हो. हो म्हणायला आतून काही वाटावं लागत नाही. नाही म्हणायला लागतं.

नवरा फेब्रुवारीत गेला. सकाळी आंघोळ करून आला, टोस्टला लोणी लावलं आणि तिथेच खाली बसला. क्रेमेटोरियममध्ये आम्हाला अर्ध्या तासाचा स्लॉट होता. वॉटफर्डहून आलेली लेक रडली, जावई रडला, हॉस्पिटलमधल्या दोन रिटायर्ड सिस्टर रडल्या. मी समोरच्या भिंतीवरचे दिवे मोजत बसले. लोकांना वाटलं, बाई खंबीर आहे. खंबीर-बिंबीर काही नाही. डेंटिस्टने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तशी मी सगळीच्या सगळी झाले होते. लोकांना सांगितलं की ते म्हणायचे, उतरेल हळूहळू. मी हो म्हणायचे.

तो हाडांचा डॉक्टर होता आणि मी त्याच हॉस्पिटलात फार्मसिस्ट. तोंडाने आयुष्यभर अहो-जाहो केलं, मनात मात्र तो कायम ‘अरे’च होता, म्हणून इथेही तसंच लिहिते. डॉक्टरांनी खरडलेलं औषध बरोबर आहे का, डोस दहापट तर लिहिला नाही ना, हे पाहण्यात माझी तीस वर्षं गेली. डॉक्टरांच्या चुका पकडायचा मला पगार मिळायचा. घरी तेच काम फुकट करायचे.

रिटायर झाल्यावर त्याने मंडळात नाव घातलं आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी कॉन्सर्ट हॉलची टूर द्यायला लागला. त्याला इतिहासाचं वेड होतं असं नाही. त्याला ऐकणारी माणसं हवी होती. घरी मी एकटीच, आणि मी काही भक्तिभावाने ऐकणाऱ्यांतली नाही.

टूर चौकात सुरू व्हायची. तो सांगायचा, आत्ता तुम्ही जिथे उभे आहात तिथे आधी जुना टाऊन हॉल होता. खाली कमानी, कमानींत दुकानं, आणि पाऊस आला की सगळं गाव त्या कमानींखाली. मग मागे हा नवा हॉल झाला, आणि त्याला मोकळी जागा हवी म्हणून जुना पाडला. लोकांनी आरडाओरडा केला, तरी पाडला. इथल्या म्हाताऱ्या बायका अजूनही त्या पाडलेल्या इमारतीबद्दल माहेराबद्दल बोलावं तशा बोलतात, आणि त्यातल्या एकीनेही ती पाहिलेली नाही. मग हॉल. तागाच्या धंद्यात गब्बर झालेल्या एका व्यापाऱ्याने तो शहराला बांधून दिला. ताग बंगालमधून बोटीने यायचा, इथल्या गिरण्यांत त्याचं गोणपाट व्हायचं. पायाचा दगड राजाने बसवला, तोही भलतीकडेच उभं राहून, विजेचं बटण दाबून. हॉल पुरा व्हायच्या आधीच तो व्यापारी वारला. स्वतःच्या हॉलमध्ये त्याने एक सूरसुद्धा ऐकला नाही. हे सांगताना नवरा थोडा थांबायचा. थांबायचं कुठे हे त्याला बरोबर कळायचं.

इथवर सगळं खरं. मी तपासलेलं आहे. पण दर्शनी खांब दहा आहेत आणि तो बारा सांगायचा. पहिल्या टूरनंतर मी म्हटलं, अहो, दहा आहेत. तो म्हणाला, बारा ऐकायला बरं वाटतं. दर महिन्याला आमचं त्यावरून वाजायचं. मी दर टूरला जायचे, शेवटच्या रांगेत बसायचे आणि घरी येताना गाडीत चुकांची यादी वाचायचे.

टूर संपायची स्टेजवर. बाजूला चार पायऱ्या आहेत, त्या चढून लोकांना वर न्यायचं, तिथून रिकामा हॉल दाखवायचा. पहिल्याच टूरला तो शेवटच्या पायरीवर थांबला, वाकला, उजवा हात स्टेजच्या फळ्यांना लावला, कपाळाला लावला आणि मग वर पाऊल टाकलं. मागच्या वीस माणसांनी ते बघितलं.

मला कळलं तो काय करतोय ते. पुण्यात कॉलेजात असताना तो एकांकिका करायचा. नाटकवाली माणसं स्टेजच्या पाया पडल्याशिवाय वर जात नाहीत, तेवढी सवय त्याला लागली होती. मग मेडिकलचं तिसरं वर्ष आलं, वडिलांनी डोळे वटारले, आणि संपलं ते. त्याच्या वाट्याला स्टेज आलं ते सगळं मिळून सहा संध्याकाळी. त्यानंतर थेट हे, स्कॉटलंडमध्ये, हातात माहितीचे कागद घेऊन.

कळलं, तरी मला लाज वाटली. स्पष्टच लिहिते. या देशात आल्यापासून मी एकच काळजी घेतली होती, की आपल्याकडे कुणी वळून बघू नये. फोडणी घालायच्या आधी खिडक्या उघडायच्या, बाहेरचे कोट दुसऱ्या खोलीत बंद करून ठेवायचे, कामावर जाताना टिकली काढून ठेवायची. आणि हा भर हॉलमध्ये वाकून नमस्कार करतो. गाडीत बसल्यावर त्या दिवशी मी खांबांची गोष्ट आधी काढली नाही.

“लोकांनी विचारलं तर काय सांगणार आहात?” मी म्हटलं.

त्याने वायपर लावले. 

“इथली पद्धत आहे म्हणून सांगीन,” तो म्हणाला.

पुढच्याच महिन्यात एका अमेरिकन बाईने विचारलं, आणि त्याने खरंच तसं सांगितलं. सांगून शेवटच्या रांगेकडे, माझ्याकडे पाहिलं. मी हातातला कागद वाचत होते. नंतर त्याने त्यात पदरचा मीठमसाला घातला. इथले मुकादम तागाच्या गिरण्यांवर कलकत्त्याला जायचे, तिथून ही रीत घेऊन आले असावेत, वगैरे. त्याच्या तोंडी ते इतकं पटायचं की एक-दोन वर्षांत मंडळातले बाकीचे गाइडही सांगायला लागले. खांबांवरून मी दर महिन्याला भांडले. यावरून एकदाही नाही. हे खोटं मला सोयीचं होतं.

तर पुस्तिकेचा मजकूर. मी लाल पेन घेऊन बसले, जुनी सवय. खांब बारा होते, त्यांचे दहा केले. कमानींचं एक वाक्य दुरुस्त केलं. नवव्या पानावर चौकटीत हे होतं: स्टेजवर पाऊल ठेवण्याआधी त्याला हात लावून तो कपाळाला लावण्याची या हॉलची जुनी प्रथा आहे. तागाच्या काळात कलकत्त्याहून परतलेल्या मुकादमांनी ती आणली असे मानतात.

‘असे मानतात.’ मानणारा एकच, आणि तो फेब्रुवारीत गेला.

मी तिथल्या तिथे उत्तर लिहिलं. ही प्रथा जुनी नाही, मुकादमांची नाही. माझ्या नवऱ्याने सुरू केली. तो तरुणपणी नाटकात काम करायचा. लिहिताना मला काही वाटलं नाही. डोस चुकला की वॉर्डला फोन करायचे, तसं लिहिलं.

सेक्रेटरीबाईंचं उत्तर फार चांगलं होतं, आणि तिथेच गोची झाली. किती सुंदर आठवण, असं त्यांनी लिहिलं होतं. पण एका स्वयंसेवकाची खाजगी सवय असेल तर ती हॉलचा इतिहास म्हणून छापता येणार नाही, ती चौकट काढावी लागेल. शेवटच्या पानावर मंडळाच्या स्वयंसेवकांचे आभार आहेत, त्यात त्यांचं नाव आहेच. किंवा आहे तसं राहू दे म्हणत असाल तर ‘असे मानतात’ म्हटलेलं आहे, कुणी कोर्टात जाणार नाही. तुम्ही सांगाल तसं. सोमवारी सकाळपर्यंत.

म्हणजे खरं सांगितलं तर त्याची ती गोष्ट जाणार आणि यादीत नाव उरणार. खोटं राहू दिलं तर गोष्ट राहणार आणि ती कुठल्याशा मुकादमाची होणार. मला राग यायला हवा होता. एरवी माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. मी मेल दोनदा वाचली आणि कुकर लावला.

लेकीचा रोज सव्वातीनला फोन असतो, मुलांना शाळेतून आणायला गाडीत बसली की. तिला सांगितलं.

“नो वे, आई,” ती म्हणाली. “बाबाचं स्टोरी आहे ते. प्रॉपर नावासकट यायला पाहिजे. तू सेक्रेटरीला सांग ना, दे कान्ट जस्ट रब हिम आउट.”

मी म्हटलं, बरं. तिने विचारलं, तू ओके आहेस ना. मी म्हटलं, हो. तिच्या गाडीत मागे मुलं चढल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. मग मी सेक्रेटरीबाईंना लिहायला बसले आणि काय लिहावं ते सुचेना, म्हणून उठले. शुक्रवारपर्यंत असं तीनदा झालं.

शनिवारी मी हॉलवर गेले. माझा खुबा दुखायला लागल्यापासून, म्हणजे त्याच्या शेवटच्या वर्षात, मी टूरला जाणं सोडलं होतं. त्यामुळे तिथली नवी गाइड मला ओळखत नव्हती. ती बाई जन्मभर या शहरात बस चालवून रिटायर झालेली. त्यानेच तिला गेल्या वर्षी शिकवलं, हे मला त्याच्याकडून ऐकून माहीत होतं. आवाज खणखणीत, ब्रेक लावल्यासारखी मध्येच थांबायची. चौकात तिने सगळ्यांना उभं केलं आणि समोर बोट दाखवून सांगितलं की हे बारा खांब.

माझ्या शेजारचा एक माणूस ओठांनी मोजायला लागला होता, पण तेवढ्यात ती आत गेली.

आत तिने तेच सगळं सांगितलं. राजा, बटण, तो व्यापारी. तो जिथे थांबायचा तिथे तीही थांबली. मी पायऱ्या नकोत म्हणून शेवटच्या रांगेत बसून राहिले. गट स्टेजच्या बाजूला गेला. ती शेवटच्या पायरीवर थांबली, एक हात कठड्याला धरून वाकली, दुसरा फळ्यांना लावला आणि कपाळाला लावला. अगदी त्याच्यासारखा, आधी चार बोटं, मग पूर्ण तळवा. मग मागच्यांना म्हणाली की ही इथली पद्धत आहे, तुम्हाला करायचं असेल तर करा, सक्ती नाही.

आणि लोकांनी केलं. फुगीर जाकीट घातलेल्या दोन विद्यार्थिनींनी केलं. एका म्हाताऱ्याने काठी मागच्याच्या हातात दिली आणि वाकला. एका लहान मुलीने दोन्ही हात लावले आणि कपाळाऐवजी स्वेटरला पुसले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. याची मेल्यावरही गेली नव्हती, वीस स्कॉटिश लोकांना लागली होती. मी ते बघत बसले.

टूर संपली, लोक पांगले. बाई कागद आवरत होती. मी जवळ गेले आणि विचारलं की स्टेजला हात लावायची ती पद्धत तिला कुणी सांगितली.

ती म्हणाली, आमच्या डॉक्टरांनी. ते हाडांचे डॉक्टर होते, त्यांनीच माझ्या भावाचा गुडघा बदलला होता. मुकादमांची गोष्ट ते सांगायचे, पण खरी आहे का कोण जाणे, परवाच सेक्रेटरी म्हणत होती की ती कदाचित पुस्तिकेतून निघेल. मग ती हसली.

“एक गंमत होती त्यांची,” ती म्हणाली. “हात लावून उभे राहिले की दर वेळी शेवटच्या रांगेकडे बघायचे. शाळेत खोडी केली की मास्तरांकडे बघतात ना, तसं. मी म्हणायचे, डॉक्टर, तिथे कुणीच नाहीये. तरी बघायचे.”

मी म्हटलं, मी त्यांची बायको.

तिने हातातले कागद खाली ठेवले. मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, म्हणजे शेवटची रांग तुम्ही. मी हो म्हटलं. तिचा हात गरम होता, एवढं मला समजलं. तिने मला बसायला सांगितलं, मी नको म्हटलं. फेब्रुवारीपासूनचं ते माझं पहिलं नको असावं. मग मी तिला सगळं सांगितलं. एकांकिका, सहा संध्याकाळी, मेडिकलचं तिसरं वर्ष. गाडीत मी काय बोलले तेही सांगितलं, ते मी लेकीलाही कधी सांगितलेलं नव्हतं. तिने मध्ये तोंड घातलं नाही.

“मग पुढच्या महिन्यापासून मी लोकांना काय सांगू?” तिने विचारलं.

प्रश्न साधा होता. त्याचं नाव सांगा, असं मी म्हणू शकले असते. लेकीला तेच हवं होतं, आणि ते खरंही होतं. पण त्याचं नाव सांगितलं की तो एका परक्या डॉक्टरचा परका नमस्कार होणार, लोक कौतुकाने मान हलवणार आणि हात खिशात ठेवून वर चढणार. मघाशी वीस माणसं वाकली ती इथली पद्धत म्हणून वाकली. त्याने गाडीत जे सांगितलं ते तेव्हा खोटं होतं. आता नव्हतं.

“इथली पद्धत आहे म्हणून सांगा,” मी म्हटलं. “मुकादम काढून टाका. बाकी काही सांगू नका.”

ती हो म्हणाली. जाताना तिने मला त्या चार पायऱ्यांपाशी नेलं. इतक्या वर्षांत मी कधी वर गेले नव्हते. चढताना खुबा ठणकला. शेवटच्या पायरीवर वाकायला तिने मला दंडाला धरलं. मी हात फळ्यांना लावला, कपाळाला लावला. लाकूड गार होतं, त्यावर बुटांची रेती होती, ती कपाळाला लागली. उभी राहिले आणि माझी मान आपोआप वळली. शेवटच्या रांगेत माझी छत्री राहिली होती, तेवढीच दिसली.

घरी येऊन सेक्रेटरीबाईंना मेल लिहिली. नवव्या पानावरची चौकट ठेवा, असं लिहिलं, फक्त त्यात एवढंच असू द्या की स्टेजवर पाऊल ठेवण्याआधी त्याला हात लावून तो कपाळाला लावण्याची या हॉलची पद्धत आहे. ‘जुनी’ काढा, ‘मानतात’ काढा. कुणी सुरू केली हे लिहायची गरज नाही. जे लिहिलं आहे त्यातला शब्दन् शब्द खरा आहे, मी जबाबदारीने सांगते. लेकीला फोन केला. तिला सगळं सांगितलं. मग म्हणाली, पण आई, नाव? मी म्हटलं, शेवटच्या पानावर आहे, आभारात. तिला ते पटलं नाही, आणि ती रागावली तेही मला बरोबरच वाटलं.

मेल पाठवायच्या आधी मजकूर पुन्हा एकदा वरपासून वाचला. पहिल्या पानावर बाराचे दहा केले होते, ते तसेच ठेवले. तो असता तर त्यावरून रात्रीच्या जेवणापर्यंत भांडला असता, बारा ऐकायला बरं वाटतं म्हणाला असता, आणि मी त्याला पुन्हा मोजून दाखवले असते. फेब्रुवारीपासून मला काहीच हवंसं वाटलं नव्हतं. ते भांडण हवंसं वाटलं.